मालूचा होकार

गव्हाणतळे गावी तळ्याच्या काठावर निवांत महाराजांचा मठ होता. दुपारी पाण्यावरून असा मंद वारा येई की, भजन ऐकता ऐकता माणसे डुलू लागत. आपण मठात आहोत की स्वप्नात, हे त्यांना उमगत नसे. त्या दिवसांत महाराज मधूनच कोणाशी तरी बोलत. समोर कोणी नसताना म्हणत, “हो बाई, पूस,” आणि कुशीवर वळत. शिष्य एकमेकांकडे पाहत. विचारण्याचे धैर्य मात्र कोणाला होईना.

गावच्या दवाखान्यात सगुणाबाई नावाच्या परिचारिका होत्या. महाराजांवर त्यांची निस्सीम श्रद्धा. पण कामातून मठात जायला सवड मिळत नसे. खाणीत दगड फोडणारा मालू नऊ दिवस त्यांच्या देखरेखीखाली बेशुद्ध पडला होता. त्याच्या चौकशीला कुत्रेही फिरकले नव्हते. त्याचे अंग पुसायचे असो की कूस बदलायची असो, बाई आधी विचारत, “दादा, पाठ पुसू का?” क्षणभर थांबत आणि मगच हात लावत.

डॉक्टर दिगंबरराव फार हुशार, आणि हे त्यांना स्वतःलाही चांगलेच ठाऊक होते. ते हसून म्हणत, “काय बाई, काय म्हणतोय मालू? अधूनमधून त्या भिंतीलाही विचारत जा. तिला वाईट वाटायचं!”

दहाव्या दिवशी सकाळी सगुणाबाई त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, आज घाईत मी न विचारताच मालूची कूस बदलली. माझ्या बांगडीचा ओरखडा त्याच्या उजव्या खांद्याखाली उठलाय. कागदावर लिहून ठेवा.”

“कशाला? तो तक्रार करणार आहे?”

“तो करू शकत नाही, म्हणून तर मी सांगायला आले.”

डॉक्टरांना हे रुचले नाही. त्यातून पाटलांच्या पाहुण्यांचा पाय मुरगळला होता आणि त्यांना खाट हवी होती. “मालूला पडवीत टाका,” ते म्हणाले.

“छाती भरलीय त्याची. पडवीतल्या वाऱ्यानं जगायचा नाही, साहेब. आणि त्याला विचारल्याशिवाय कसं हलवू?”

“मग विचारा की! संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडून होकार ऐकवा मला. नाहीतर तो पडवीत आणि तुम्ही घरी!”

बाईंचे डोळे भरले. मनातल्या मनात महाराजांना हाक मारून त्या कोमट पाणी आणायला वळल्या.

भर दुपारी डॉक्टर तावातावाने मठात गेले. “महाराज, तुमच्या या भक्तिणीला जरा समजवा. वेड लागलंय तिला!”

महाराज चटईवर पडून होते. झाडांच्या सावल्या भिंतीवर पाण्यासारख्या हलत होत्या. डॉक्टरांचे बोलणे संपते न संपते तोच महाराज म्हणाले, “हो बाई,” आणि कुशीवर वळले.

डॉक्टर पुढे वाकून पाहू लागले. महाराजांच्या उघड्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, बांगडीचा ताजा ओरखडा होता! आणि पाहता पाहता पाठ ओली झाली, नुकतीच कोणी ऊन फडक्याने पुसावी तशी.

“महाराज... हे काय?”

महाराज हसून म्हणाले, “विचारणाऱ्याला कितीही दिवस उत्तर आलं नाही, तर एक दिवस विचारायचं राहून जातं, डॉक्टर. आज सकाळी तसंच झालं, बघ. एवढी चांगली सवय मोडू नये, म्हणून मालूला जमेपर्यंत मी हो म्हणत होतो. आता माझी सुटी.”

डॉक्टर वळले ते धावतच दवाखान्याकडे निघाले. वाटेत पाटलांच्या गड्याला त्यांनी सांगितले, “पाहुण्यांना माझ्या घरी न्या. माझ्या पलंगावर झोपवा.”

ते आत शिरणार, तोच पडद्याआडून सगुणाबाई म्हणाल्या, “जरा बाहेर थांबा. अंग पुसतेय त्याचं.”

डॉक्टर चपला काढून थांबले. आत फडके पिळल्याचा आवाज आला.

“दादा, दुसऱ्या कुशीवर वळवू का?”

मग एक कोरडा, खोल गेलेला आवाज आला, “वळव, माय.”

आत भांडे कलंडले. बाहेर दिगंबररावांनी हात जोडले आणि उंबऱ्यावर डोके टेकले.