सुंठी मांजर आणि नाव घातलेल्या वाट्या

खाडीकाठच्या एका बाजारगावात अनंतशेठ शिरसाट नावाचे किराणा दुकानदार होते. सारं गाव त्यांना देवमाणूस म्हणे. सकाळी दुकान उघडलं की आधी मुंग्यांना साखर, मग चिमण्यांना कणी आणि त्यानंतर गिऱ्हाईक. कोणी पालीवर झाडू उगारला तरी शेठ डोळे मिटून घेत. ही डोळे मिटण्याची सवय पुढे फार महागात पडली. त्यांना नव्हे, सुंठीला.

सुंठी ही त्यांच्या दुकानातली मांजर. सुंठेच्याच रंगाची, अंगानं किडकिडीत, कामाला चोख. तांदळाच्या पोत्यांना उंदीर शिवत नसे तो तिच्यामुळे. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की ती शेठच्या मांडीवर येऊन झोपे, आणि शेठ पाय अवघडला तरी हलत नसत.

पहिल्यांदा पिल्लं झाली तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हौसेनं मागून नेली. दुसऱ्यांदा झाली तेव्हा कोणी विचारायला आलं नाही. शेठच्या पत्नी, कुमुदकाकी, म्हणाल्या, "अहो, हिला एकदा जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. दर खेपेला हे असंच होणार."

शेठ दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "ऑपरेशन करून टाका. एक दिवस गुंगीत राहील, थोडे टाके पडतील, पण जन्माची सुटका होईल. गोळ्या आणि इंजेक्शनही असतात. त्यांनी माजावर येणं लांबतं. पण फार दिवस दिली तर गर्भाशयात पू होतो, गाठी येतात. आणि एक लक्षात ठेवा, पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहते. फार वेळ लावू नका."

"विचार करतो," शेठ म्हणाले.

विचार करतो म्हणणाऱ्याला कोणी दोष देत नाही. उलट माणूस समंजस वाटतो. दुकानाच्या बाकावर रोज पेपर वाचायला बाबल मास्तर बसत. शेठनी त्यांना विचारलं.

"निसर्गाच्या आड येऊ नये, शेठ," मास्तर म्हणाले. "मुक्या जिवावर सुरी चालवायची, तिचं आईपण काढून घ्यायचं, हे पाप कोणाच्या माथी?"

शेठना हेच ऐकायचं होतं. पण कुमुदकाकी आतून म्हणाल्या, "मग मास्तर, यातली दोन पिल्लं तुम्ही न्या."

"आमच्याकडे मांजर चालत नाही हो, वहिनी. आमच्या हिला दमा आहे," असं म्हणून मास्तरांनी पेपरचं पान उलटलं.

पिल्लांचं काहीतरी करायला तर हवं होतं. शेठनी ती चहाच्या रिकाम्या खोक्यात घातली आणि मासळी बाजारात बर्फाच्या शेडमागे नेऊन ठेवली. बाजारात मासळी असते, उपाशी मरणार नाहीत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तरी मन राहीना. म्हणून घरातून आणलेल्या चांगल्या स्टीलच्या वाटीत दूध ओतून शेजारी ठेवलं आणि मागे न बघता परत आले.

"कुठे दिली?" काकींनी विचारलं.

"बंदरावर. मोठं कुटुंब आहे."

सुंठी पोत्यांच्या मागे, पेट्यांच्या खाली, माळ्यावर हिंडत राहिली. पिल्लांना बोलावताना मांजर जो बारीक, घशातला आवाज काढते तो काढत राहिली. शेठनी रेडिओचा आवाज वाढवला.

त्यानंतर त्यांनी गोळ्या आणल्या. थोडे दिवस मासळीतून दिल्या, मग डॉक्टरीणबाई पू होतो म्हणाल्या होत्या हे आठवून बंद केल्या. पुन्हा दवाखान्यात विचारायला मात्र गेले नाहीत. सुंठी माजावर आली तेव्हा तिला गोदामात कोंडलं. ती ओरडू लागली तसं त्यांच्यानं ऐकवेना. त्यांनीच दार उघडलं. प्रत्येक उपाय त्यांनी अर्धा केला आणि प्रत्येक वेळी दया आली म्हणून सोडला. दया नक्की कोणाची आली, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही.

पुन्हा पिल्लं झाली. पुन्हा खोकं, पुन्हा बर्फाची शेड, पुन्हा वाटीभर दूध. त्यानंतरही एकदा तेच.

"माझ्या वाट्या कुठे जातात कळत नाही," काकी म्हणत. "आईनं लग्नात दिलेल्या आहेत हो."

"कावळा नेत असेल."

"कावळा चमचा नेतो. वाटी नेणारा कावळा केवढा असेल?"

शेठ हसले. काकीही हसल्या. सुंठी उंबऱ्यावर बसून होती. तिच्या पाठीचा कणा आता लांबूनही दिसत होता.

एका सकाळी चांगुणा कोळीण मासळीची पाटी घेऊन मागच्या दारी आली. काकींना बोंबील घालून झाले तशी तिनं कमरेची पिशवी सोडली आणि पायरीवर तीन वाट्या एकात एक रचून ठेवल्या.

"वहिनी, ह्या तुमच्या. बर्फाच्या शेडमागे मिळाल्या. नाव घातलंय म्हणून आणून दिल्या."

काकींनी वाटी उचलली. कडेखाली बारीक अक्षरांत त्यांचं नाव होतं. "तिकडे कशा गेल्या?"

चांगुणानं शेठकडे पाहिलं. शेठ दारातच उभे होते. ती म्हणाली, "पिल्लांसोबत. दूध बोके प्यायचे. त्या पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते, त्यांना वाटीतलं दूध काय कळणार? पहिल्या खेपेला एक मी उचलून घरी नेलं. जगलं नाही. मग मी पिल्लांकडे बघायचंच सोडलं." पाटी डोक्यावर घेताना ती एवढंच म्हणाली, "वाटी मात्र दर खेपेला चांगली असायची, शेट."

ती गेल्यावर काकींनी तिन्ही वाट्या एकेक करून पाहिल्या. मग म्हणाल्या, "मोठं कुटुंब म्हणाला होतात."

शेठनी मान खाली घातली.

"तिचं आईपण काढून घ्यायचं नव्हतं तुम्हाला. ते ठेवलंत. आणि पोरं टाकलीत."

शेठ त्याच दिवशी सुंठीला टोपलीत घालून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट चाचपलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सुंठी पुन्हा गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि अंगात रक्त नव्हतं.

"आता ऑपरेशन केलं तर गुंगीही सोसणार नाही तिला," त्या म्हणाल्या. "खाऊ घाला. बाळंतपण नीट झालं तर पुढे बघू. मागेच आणायला हवी होती."

शेठनी तिला अंडं, मासळी, दूध, सगळं हातानं भरवलं. तिच्यासाठी जुन्या धोतराची गादी केली. पण शरीरातून जे पिल्लांमागून पिल्लांत निघून गेलं होतं ते थोड्या दिवसांत कसं भरणार? कळा सुरू झाल्या आणि पिल्लू अडलं. शेठ भर दुपारी दुकान उघडं टाकून रिक्षानं दवाखान्यात पोचले.

"बाई, ऑपरेशन करा," ते म्हणाले. "लागेल ते करा."

"तेच करतेय, शेठ. पण आता ते तिला पेलायला हवं."

जी सुरी त्यांनी वर्षभर टाळली ती शेवटी चाललीच. एक पिल्लू हाती आलं. सुंठी शुद्धीवर आली नाही. तिचे डोळे अर्धवट उघडे राहिले होते आणि शेठ, जन्मात पहिल्यांदा, ते दिसत असताना डोळे मिटू शकले नाहीत.

गावात बातमी पसरली. लोक दुकानात येऊन म्हणाले, "मांजरीसाठी दुकान उघडं टाकून धावलात, शेठ. देवमाणूस तुम्ही." पूर्वी हा शब्द त्यांना गोड लागे. आता तो कोणी उच्चारला की ते उठून आत जात.

काकींनी ते पिल्लू कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं. ती मादीच निघाली. वयात येण्याआधीच शेठनी तिला टोपलीत घातलं आणि दवाखान्याची वाट धरली. बाकावरून मास्तरांनी विचारलं, "शेठ, नीट विचार केलात ना?"

"मागच्या खेपेला केला होता," शेठ म्हणाले. "तोच तिला नडला."

संध्याकाळी ती टाके घातलेली पोर गुंगीतच घरी आली. दोन दिवसांत ती पोत्यांवर उड्या मारू लागली. एवढंच होतं ते. एवढ्याचीच भीती बाळगून शेठनी सुंठी गमावली होती.

काकींनी त्या तीन वाट्या घासून फळीवर ठेवल्या नाहीत. रोज जेवणाच्या वेळी त्या शेठच्या पानात मांडत. एकीत आमटी, एकीत भाजी, एकीत दूध. तोंडानं काही म्हणत नसत. दुधाची वाटी शेठ शेवटपर्यंत तशीच ठेवत आणि मग उचलून नव्या मांजरीपुढे सरकवत. ती पिऊन टाके. वाटी रिकामी झाली की कडेखालचं नाव तेवढं दिसत राही.

तात्पर्य: आपल्या डोळ्यांना बघवत नाही म्हणून टाळलेलं काम म्हणजे दया नव्हे, पाळलेल्या जिवासाठी जे करायचं ते वेळेवर आणि उघड्या डोळ्यांनी करावं, नाहीतर आपल्या हळवेपणाची शिक्षा त्या मुक्या जिवाला भोगावी लागते.