बारा दिवसांचा काढा

एका राज्यात सगळं रीतीनं चालायचं, पण ती रीत कशासाठी हे कुणी विचारायचं नाही. एका रागावलेल्या मांत्रिकाचा शापच होता: "कारण विचारून स्वतः पडताळणारं माणूस भेटेपर्यंत इथली कामं नुसती वाढत जातील." लोकांना वाटे, शाप कसला, शिस्त आहे!

तिथल्या औषधशाळेत सगुणा काढा ढवळायची. एके सकाळी तिची लेक रेवा मंतरलेल्या वारुळावर पाय पडून दगड होऊ लागली. पावलं झाली, गुडघे झाले. दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला दगड काळजाला भिडणार होता. उतारा एकच, राजकाढा, आणि त्याला लागत बारा दिवस!

काढा शिजे घटकाभरात. मग पाच दिवस हत्तीवरून राजवाड्याला प्रदक्षिणा, सहा दिवस पोपटाच्या मंजुरीसाठी आणि एक दिवस घोंगडीखाली.

सगुणानं काढा शिजवला आणि तडक माहुताला गाठलं.

"दादा, प्रदक्षिणा कशासाठी?"

"पणजोबांच्या वेळी राजवाड्याचं दार जागा बदलायचं. सापडेपर्यंत फिरावं लागे."

"आणि आता?"

"शंभर वर्षं झाली, इथंच आहे की." माहूत डोकं खाजवू लागला. दार ओशाळून कुरकुरलं.

मग तिनं पोपटापुढे वाटी ठेवली. "सहा दिवसांनी या," पोपट न बघताच म्हणाला, "उत्तम म्हणेन."

"हे राखेचं पाणी आहे, पोपटराव. आपण तपासता तरी काय?"

पोपटानं मिरची खाली ठेवली. "खरं सांगू? मला माश्या हाकायला बसवलं होतं. मंजुरी तुम्हीच मागू लागलात. नाही म्हणायची भीड वाटली."

"मग सहा दिवस कशाला?"

"लगेच उत्तम म्हटलं तर किंमत राहत नाही, बाई."

राहिली घोंगडी. तिचं कारण सगुणानं थेट राजाला विचारलं.

"आम्हांस ठाऊक नाही," राजा म्हणाला. दरबारानं कान झाकले.

अकरा दिवस उडाले, बारावा कशाला ठेवा? सगुणा कढत काढा घेऊन लेकीकडे निघाली आणि उंबऱ्यात थबकली. ठाऊक नाही म्हणजे फुकट आहे, असं थोडंच! तिनं एक थेंब जास्वंदीवर टाकला. फूल दगड होऊन टणकन खाली पडलं. जुन्या कुपीत घोंगडीखाली दिवसभर निवलेल्या काढ्याचा शेवटचा थेंब उरला होता. तो त्यावर टाकताच पाकळ्या मऊ झाल्या.

सूर्य मावळताना तिनं काढा घोंगडीखाली ठेवला आणि शेजारी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दगड बरगड्या चढू लागला. राजा स्वतः धावत आला. "बाई, पाजा आता!"

"नाही महाराज. ही रीत खरी आहे."

सूर्य टेकला तशी तिनं घोंगडी काढली आणि काढा पाजला. दगडाचे टवके उडाले. शाप तुटला. माहूत अर्ध्या प्रदक्षिणेत हत्तीवरून उतरला, दरबाराचं काम दुपारीच संपू लागलं आणि कारभाऱ्यांना घरी जाऊन काय करावं ते कळेना.

रेवा मात्र उठून दाराबाहेर पळाली. दोन दिवस एक टिपूस न गाळलेली सगुणा तिच्यामागे धावता धावता मोठ्यानं रडली. जशी ती पोर चालू लागली, तसं तुमचं-आमचं अडलेलंही चालू लागो.