चाळणीतला चौथरा

हत्तीचा पुढचा पाय नव्या चौथऱ्यात रुतला, अंबारी कलंडली आणि रणधवल महाराज साऱ्या दरबारादेखत खाली घसरले!

"कोणी भरला हा चौथरा?" महाराज मिशीतली खडी झटकत ओरडले.

भरला होता मसू बेलदारानं, पण हुकूम महाराजांचाच. त्यांना निवडक गोष्टींचं भारी वेड. तांदूळ निवडलेले, दरबारीही निवडलेले. मान डोलावण्यात सगळे एकसारखे. मग चौथऱ्यात तरी सुपारीएवढी, एकसारखी, चाळलेली खडीच नको का? तसली खडी कितीही ठोका, पायाखाली सरकते. पण महाराजांना हे सांगणार कोण? प्रधानजींनी सोपं केलं. मसूलाच कोठडीत टाकलं.

मसूची लेक सगुणी तडक दरबारात आली. "सरकार, माझ्या बाला सोडा. चौथरा मी भरते. पण खाणीतनं निघतो तसल्या मुरमानं! त्यात लहानमोठं एकमेकांत घट्ट बसतं!"

"गोटे, माती, बारीक कच, सगळं एकत्र? माझ्या वाड्यासमोर?" महाराज कडाडले. "ऐक पोरी! न चाळलेला एक कणही चौथऱ्यात जाता कामा नये. आणि दसऱ्याला हत्ती त्यावर ताठ उभा राहिला पाहिजे. नाही जमलं, तर बापलेकीला राज्याबाहेर हाकलीन!"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या.

"चाळणी तेवढी सरकारातनं द्या," सगुणी म्हणाली.

चांदीची चाळणी आली. सगुणी कामाला लागली. प्रधानजी छत्रीखाली खुर्ची टाकून पहारा देत बसले आणि एके दिवशी त्यांना असं काही दिसलं की ते गालातल्या गालात हसले. पण बोलले नाहीत. दसऱ्यापर्यंत दम धरला.

दसरा उजाडला. अंबारीत महाराजांना घेऊन हत्ती चौथऱ्यावर चढला. उभा राहिला. आनंदानं दोन पावलं नाचलासुद्धा! चौथरा जागचा हलला नाही.

"फसवणूक, महाराज!" प्रधानजी पुढे धावले. "चाळणीवर राहिलेले गोटे हिनं चौथऱ्यात टाकले, आणि खाली पडलेली मातीही त्यातच ओतली! मी डोळ्यांनी पाहिलं!"

"खरं का गं?" महाराजांचे डोळे लाल झाले.

"अगदी खरं, सरकार! प्रधानजींसारखा साक्षीदार मिळायचा नाही. आता त्यांनाच विचारा, न चाळलेला एक तरी कण आत गेला का?"

"तसा... एकही नाही, महाराज," प्रधानजी पुटपुटले.

"अगं, पण चाळून पुन्हा सगळं एकत्रच केलंस," महाराज गोंधळले. "मग चाळण्याचा उपयोग काय झाला?"

"चौथऱ्याला काहीच नाही, सरकार. तुमच्या हुकमाला झाला!"

दरबाऱ्यांनी सवयीनं एकदम माना डोलावल्या! ते पाहून महाराजांना असं हसू फुटलं की अंबारी पुन्हा हलायला लागली.

"सोडा मसूला! आणि पोरी, तुला काय हवं ते माग!"

"ही चाळणी द्या, सरकार," सगुणी म्हणाली. "म्हणजे सरकारात चाळणीच उरणार नाही, आणि पुढचा चौथरा सरळ भरता येईल!"

महाराज पोट धरून हसले आणि खाली उतरून चांदीची चाळणी त्यांनी स्वतः तिच्या हातात दिली.