न हलणारं घरटं

त्या राज्यात एकही काजवा मोकळा उरला नव्हता. पूर्वी ज्या पक्ष्याला उजेड हवा असे, तो चोचीत ओल्या मातीचा गोळा आणी, घरट्याच्या भिंतीला लावी आणि त्यात काजवा बसवी. मग विहिरीवर झुकलेल्या बाभळीत एक कोळी राहायला आला. त्यानं झाडभर जाळं विणलं, रानातले सगळे काजवे त्यात अडकले आणि उजेडाला मालक मिळाला. पक्ष्यांनी त्याला चोर म्हटलं नाही. एवढं जाळं विणायचं म्हणजे मेहनत आहे बाबा, असं म्हणून ते दाणे घेऊन रांगेत उभे राहिले.

सुरुवातीला कोळ्याचा कारभारी सरडा दर महिन्याला घरट्याघरट्यांतून फिरे. काजवा किती जळला ते पाही आणि दाणे सांगे. पक्षी हुज्जत घालत, चार दाणे कमी करून घेत आणि मगच देत. कोळ्याला ही हुज्जत आवडत नसे. म्हणून त्यानं एक सोय काढली. प्रत्येक घरट्यातल्या दाण्यांच्या कप्प्याला जाळ्यातला एक धागा बांधायचा. महिना भरला की कोळी बसल्या जागेवरून हिसका देई, कप्प्याचं झाकण उघडे आणि त्याला हवे तेवढे दाणे खाली त्याच्या कोठारात पडत. धागा बांधून घेणाऱ्याला पहिल्या महिन्यात चोचभर बाजरी परत मिळे. आवळा देऊन कोहळा काढणं ते हेच, पण आवळा चोचीत असताना हे सुचत नाही. कोळी तर दाणा खात नाही, मग एवढं साठवतो कशाला, असं एका म्हाताऱ्या होल्यानं विचारलं, तेव्हा सगळी बाभूळ त्याला हसली.

सुगरणीनंही धागा बांधून घेतला. तिचा नर दुसरं घरटं विणायच्या नादात निघून गेला होता, पदरात दोन पिल्लं होती आणि सरड्याशी वाद घालायला तिला सवड नव्हती. तिचा बेत साधा होता. कापणी संपली की थवा दूरच्या शेतांकडे निघणार. तोवर कप्प्यातले दाणे पुरवायचे, पिल्लांना उडायला शिकवायचं आणि थव्याबरोबर जायचं. न उडणाऱ्यासाठी थवा थांबत नसे.

पण हिसका दर महिन्याला वेगळा येऊ लागला. लख्ख दिवसांत काजवा झोपूनच असे, तरी कप्पा निम्मा होई. ती सरड्याकडे गेली. तो कुंपणावर ऊन खात पडला होता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. त्या राज्यात तक्रारीचीही धाव तिथवरच होती.

"सुगरणबाई, जास्तीचे दाणे तुमच्याच नावानं जमा आहेत," तो म्हणाला. "अंधाराच्या महिन्यांत कामी येतील. तुमच्याच भल्याचं आहे ते."

तिनं विश्वास ठेवला. आभाळ भरून आलं तेव्हा आता हिसका हलका येईल म्हणून ती निर्धास्त होती, आणि त्याच महिन्यात कप्पा तळापर्यंत खरवडला गेला. पिल्लं उपाशी झोपली. तिला कोळ्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या भोळेपणाचा.

"माझे जमा दाणे कुठं गेले?" तिनं कुंपणावर जाऊन विचारलं.

"ते अंदाजात धरलेत."

"कसला मेला अंदाज! काजवा एकच, उजेड तेवढाच. माझ्या घरट्यात कुणी पाहायला तरी आलं का?"

सरड्यानं रंग बदलला आणि समजुतीनं मान हलवली. "मालकांची नजर अधू आहे, बाई. धागा किती हलला तेवढंच त्यांना कळतं. जितका हलेल तितका वापर."

"अहो, टांगलेलं घरटं ते! वारा आला की झुलतं. पिल्लं पंख मारतात."

"मग हलू देऊ नका," सरडा म्हणाला. "घट्ट बांधून टाका. बांधायला लागेल तेवढा धागा मालकांकडून फुकट."

तिनं घरटं फांदीला आवळलं. बाहेरून पांढऱ्या धाग्याचे वेढ्यावर वेढे दिले, तळाशी ओल्या मातीचं वजन लावलं. पुढचा हिसका खरंच हलका आला. कितीतरी दिवसांनी ती हसली आणि तिनं आणखी धागा मागवला. आता हलत होती ती फक्त पिल्लं. धाकट्यानं पंख उघडला की ती चोचीनं दाबून मिटवी. "गप बस राजा. हललास की घास गेला." पिल्लं शहाणी निघाली. काही दिवसांत ती दाबायच्या आधीच मिटून बसू लागली.

शेजारच्या साळुंकीला राहवेना. "अगं, कापणी संपत आली. त्यांना पंख मारू दे की!"

"तुझा कप्पा भरलेला आहे म्हणून बोलतेस," सुगरण फणकारली. "एवढे चार दाणे साठू देत, मग शिकवते."

कापणी संपली. एका सकाळी थवा उठला, तेव्हा सगळी बाभूळ गदगदा हलली आणि मागे राहिलेली रिकामी घरटी कितीतरी वेळ झुलत राहिली. सुगरणीनं पिल्लांना दाराशी ढकललं. थोरल्यानं खाली विहिरीचं पाणी पाहिलं आणि तो पुन्हा आत जाऊन मिटून बसला. धाकट्यानं पंख उघडलेच नाहीत. पण वारा पडला की शिकवू, या महिन्याचा हिसका होऊन जाऊ दे, असं तिनं स्वतःला समजावलं.

त्या महिन्यात हिसका आलाच नाही. "पाहिलंत?" ती आनंदानं कुजबुजली. "एक दाणासुद्धा गेला नाही." पिल्लं हलली नाहीत.

तिकडे जाळ्याच्या मध्यभागी कोळी सगळ्या धाग्यांवर पाय ठेवून बसला होता. खाली कोठारातल्या दाण्यांना बुरशी आली होती. वाऱ्यानं बाकीचे धागे थरथरत होते. एकच धागा निपचित पडला होता. खात्री करण्यासाठी कोळ्यानं त्यावर थोडा वेळ पाय टेकवून ठेवला. मग तो जागेवरून उठला आणि त्या धाग्यावरून, तो जराही हलू न देता, चालू लागला.