रिकामी सायकल

"उस्ताद, जो आवाज येतच नाही, तो बंद कसा करायचा?"

भागवतने सायकल दुकानाच्या पायरीशी टेकवली. कळमनुरीच्या जुन्या बाजारातल्या याच दुकानात, चाँद उस्तादांच्या हाताखाली, तो नऊ वर्षं शिकला होता. आता बसस्टँडसमोर त्याचं स्वतःचं दुकान होतं.

उस्ताद पंक्चर घासत होते. मान वर न करता म्हणाले, "कोण म्हणतं आवाज येतो?"

"ह्या लंकामावशी. पहिल्यांदा आल्या, मी तेल सोडलं. दुसऱ्यांदा हबातले छर्रे नवे टाकले. तिसऱ्यांदा आरे आवळून चाकाचा आऊट काढला, डगमग घालवली. आज मीच चालवत आणली, उस्ताद. पिसासारखी पळते. आता तुम्हीच सांगा यांना, म्हणजे माझी सुटका होईल."

लंकाबाई मागोमाग रिक्षातून उतरत होती. लेकीला तिने काखेत धरून खाली घेतलं. लेक अठरा-एकोणीस वर्षांची, प्रणिता नावाची. तिच्या पायांत जोर नव्हता.

"येतो हो आवाज," लंकाबाई हळूच म्हणाली. "मागच्या चाकातून. टक्... टक्... असा."

भागवतने मागचं चाक उचलून गरकन फिरवलं. चाक फिरत राहिलं. चौघंही ऐकत राहिली.

काहीच नाही.

"बघा!" भागवत म्हणाला. "मनात बसलंय यांच्या."

लंकाबाईने पदर तोंडाला लावला.

उस्तादांनी हात पुसले. ते सायकलकडे गेलेच नाहीत. प्रणितासमोर जाऊन उभे राहिले.

"बेटा, रोज कुठं जातेस?"

"शिवणक्लासला. नदीपलीकडं. आई कॅरिअरवर बसवून नेते."

"भागवत," उस्ताद म्हणाले, "हिला क्लासला सोडून ये."

"मी?... उस्ताद, दुकान उघडं टाकून आलोय."

उस्ताद परत पंक्चरकडे वळले होते.

लंकाबाईने लेकीला कॅरिअरवर बसवलं. भागवतने पायडल मारलं. बाजारात ओळखीची माणसं बघत होती. त्याचे कान तापले. चढ लागला, तेव्हा तो उभा राहून पायडल मारू लागला.

टक्.

त्याला वाटलं, खडा उडाला.

टक्... टक्... चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक.

"आला ना, दादा?" मागून प्रणिता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पुलाच्या उतारावर अजून मोठा येतो. आई तिथं देवाचं नाव घेते."

भागवत पुलाच्या तोंडाशी थांबला. "ताई, कठडा घट्ट धरून बस. उतरू नकोस."

तो गुडघ्यावर बसला. चाक बोटभर पुढे ढकलायचा, आरे चाचपायचा, पुन्हा बोटभर. सातव्या की आठव्या आऱ्याशी, रिमच्या भोकाजवळ, त्याला तडा दिसला. नख शिरेल एवढा रुंद.

त्याने प्रणिताला उचलून कठड्यावर बसवलं आणि परत पाहिलं. तडा मिटला होता. केस चिकटावा तसा. काल याच भोकातला आरा त्याने स्वतः आवळला होता.

पुढे पुलाचा उतार होता. खाली नदीपात्रातले खडक.



प्रणिताला त्याने रिक्षात बसवून क्लासला पाठवलं. सायकल हातात धरून तो बाजारापर्यंत चालत आला. लंकाबाई पायरीवर बसून होती. भागवत तिच्यासमोर वाकला. "मावशी, उद्यापर्यंत नवी रिम टाकतो. तोवर ही माझ्याकडंच राहू द्या... चुकलं माझं."

"सापडला ना, बाबा?" एवढंच ती म्हणाली आणि लेकीमागे क्लासच्या वाटेला लागली.

भागवत तसाच उभा राहिला. उस्ताद ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते.

"रिमला तडा आहे," तो म्हणाला. "मागं कुणी बसल्यावरच उघडतो."

"हं."

"उस्ताद... मघाशी मी चाक फिरवलं, तेव्हा तुम्हाला आवाज आला होता?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं, की आवाज आहे?"

उस्तादांनी ट्यूब पाण्यातून काढली, निथळू दिली.

"बाई तीनदा आली."