चहात बुडवलेलं कार्ड

क्रिकेटपटूंची चित्रकार्डं खोक्यात बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. एक पिवळं पडलेलं कार्ड आलं आणि म्हणालं, "मी शंभर वर्षांचं आहे. मानाची जागा माझी!" सगळी कार्डं त्याच्या पाया पडली. खरं जुनं कार्ड मात्र जपल्यामुळे अजून पांढरं होतं, म्हणून त्याला तोतया ठरवून कोपऱ्यात ढकललं.

खोक्यातल्या जुन्या भिंगाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डोळे फुटले का तुमचे? त्याचा रंग वरवरचा आहे!"

"म्हातारपणी तुलाच दिसेनासं झालंय," पिवळं कार्ड हसलं.

तेवढ्यात मुंग्यांची रांग आली आणि थेट त्यालाच चिकटली.

"काय मिळालं गं?" भिंगानं विचारलं.

"साखर," मुंगी म्हणाली. "कुणीतरी याला उरलेल्या चहात बुडवलंय."

भिंग बाकीच्या कार्डांवर कडाडलं, "आता कोपऱ्यातल्याची माफी कोण मागणार? मुंग्या?"