तीन दिवसांच्या कुंड्या

कुलगुरू वाघोलीकरांना स्वतःच्या ज्ञानाचा भारी तोरा. विद्यापीठ तपासायला आलेल्या समितीसमोर ते म्हणाले, "पर्यावरण शिकवतो तेवढं पुरे. पदवीच्या पोरांना संशोधन कशाला? या आवारातलं मला माहीत नसलेलं एक तरी शोधून दाखवा, उद्यापासून संशोधन अभ्यासक्रमात घेतो!"

सभागृहातल्या विद्यार्थ्यांमधून दुसऱ्या वर्षाची रुक्साना मुलाणी उठली. "सर, मी वर्षभर नोंद ठेवली. बाहेरच्या चारशे कुंड्या कुठलीही समिती यायच्या आदल्या दिवशी नर्सरीच्या टेम्पोतून येतात आणि समिती गेली की परत जातात. तुम्हाला माहीत होतं?"

समितीच्या अध्यक्षबाईंनी कुलगुरूंकडे रोखून पाहिलं.

"छे छे! मला कुठलं माहीत!" कुलगुरू घाईघाईने म्हणाले.

"मग उद्यापासून अभ्यासक्रमात ना, सर?"

पहिली टाळी अध्यक्षबाईंनीच वाजवली.